मनोऱ्याची पूर्व बाजू

त्या दिवशी मी मनोऱ्याच्या तीन बाजूंना गेलो आणि आत्याला चार बाजूंचं सांगितलं. माझ्या हातून पुढे बऱ्याच चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेकांना काही ना काही सबब देता येते. वय कमी होतं, माहिती नव्हती, कुणीतरी भरीला घातलं. या चुकीला तसली एकही सबब लागू होत नाही. मी सतरा वर्षांचा होतो, डोळे उत्तम होते, घाई कसलीही नव्हती, आणि ती चौथी बाजू माझ्यापासून वीस पावलांवर होती.

पुढे मी मोजणी खात्यात नोकरीला लागलो. जमिनीची मोजणी करायची, नकाशा काढायचा आणि कागदावर चतुःसीमा लिहायच्या हा माझा रोजचा उद्योग. पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक. आजवर किती कागदांवर लिहिलं असेल, पण अजूनही 'पूर्वेस' हा शब्द लिहून झाला की पेन क्षणभर थबकतं. हाताखालच्या पोरांना वाटतं, साहेब शेजारच्या गटाचा नंबर आठवताहेत. मी सहसा बांधावर उभं राहिल्याशिवाय सही करत नाही, म्हणून खात्यात माझं नाव कडक माणूस असं झालं आहे. त्या नावावर माझा फारसा हक्क नाही. तो कडकपणा कुठून आला, ते या प्रकरणात लिहून टाकायचं आहे.

आम्ही फुलवाले. मखमलाबादच्या अंगाला आमचा मळा, आणि मळ्यातच घर. पुढे पत्र्याची लांब पडवी, तिच्यात दिवसभर बायका फुलं ओवत बसलेल्या. गुलाब, शेवंती, निशिगंध असं बाराही महिने काही ना काही चालू असे, पण घराचा खरा सण म्हणजे झेंडू. आषाढात रोपं लागायची, आणि नवरात्रात मळा असा पेटायचा की संध्याकाळी दिवे लावायचा कंटाळा यावा. आमच्या घराचे आवाज मला आजही एकामागून एक आठवतात. पहाटे विहिरीवरच्या मोटारीची घरघर, मग पाइपातून पाणी सरीत पडल्याचा खळखळाट, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि त्यावर पडवीतल्या बायकांचं हसणं. वास मात्र एकच, झेंडूचा. पानं चुरगळल्यावर येणारा तो उग्र, कडवट वास अंथरुणाला यायचा, पाण्याच्या हंड्याला यायचा, भाकरीलासुद्धा यायचा. बोटांवर हिरवट पिवळा डाग बसायचा तो साबणाने जात नसे. अकरावीला शहरातल्या कॉलेजात जायला लागल्यावर मी रोज सकाळी लिंबाच्या सालीने बोटं घासायचो. आई म्हणायची, "कातडी निघंल, डाग नाय निघायचा." मी घासत राहायचो. कॉलेजात मी सांगितलं होतं की आमची नर्सरी आहे. ते तसं खोटं नव्हतं, रोपं आम्ही घरीच करायचो. पण नर्सरी म्हटल्यावर पोरांच्या डोळ्यांसमोर जे यायचं, त्यात पडवी नव्हती आणि कौसाआत्याही नव्हती.

कौसाआत्या म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. वणीकडे दिली होती, दोन वर्षांत नवरा गेला, ती परत आली ती आलीच. मळ्यात काय लावायचं ते नाना ठरवायचे, पण फूल कधी उतरवायचं ते आत्या ठरवायची. यात कुणाला काही वेगळं वाटत नसे. तोडणीच्या दिवशी बायका टोपल्या घेऊन बांधावर थांबायच्या, आत्या एकटी सरीत शिरायची, एक फूल खुडायची, उभं फाडायची, पाकळ्या अंगठ्याने चोळून बघायची आणि म्हणायची, "उतरा." तो शब्द येईपर्यंत नानासुद्धा मळ्यात पाय टाकत नसत. एकदा पाहुण्यांचं लहान पोर फुलपाखरामागे आत धावलं, तर नानांनी त्याला बखोटीला धरून बाहेर आणलं होतं. शब्द आधी, पाय मागनं, असा आमच्याकडचा नियम.

पण फूल पिकलंय का एवढंच बघणं म्हणजे आत्याची खरी विद्या नव्हे. ते कुणालाही जमतं. दसऱ्याचा झेंडू सगळ्यांचाच पिकतो. प्रश्न असा असतो की दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशकाच्या बाजारात किती फूल येणार. कमी येणार असेल तर माल झाडावर धरून ठेवायचा आणि शेवटच्या दिवशी इथेच विकायचा. फार येणार असेल तर तीन दिवस आधीच तोडून टेम्पोने दादरच्या फूलबाजारात पाठवून मोकळं व्हायचं. हे कळायला दुसऱ्यांच्या मळ्यांत बघावं लागतं, आणि दुसरे सहजी सांगत नाहीत. म्हणून आत्या दर नवरात्रात पाचव्या माळेला एसटीत बसायची. सकाळी दिंडोरीची गाडी, मग गंगापूरची, दुपारी सिन्नरची, शेवटी आडगावच्या बाजूची. खिडकीशी बसून बघायची, आणि मळा पिवळा दिसला की हातातल्या दोऱ्याला गाठ. हार ओवायचा साधा पांढरा दोरा. दर दिशेला एक. रात्री जेवायच्या आधी ते चार दोरे नानांपुढे टाकायचे आणि सांगायचं, धरा, नाही तर सोडा. मला आठवतं तेव्हापासून तिचा अंदाज एकदाही हुकला नव्हता. बाकीचे फुलवाले नवरात्रात आमच्याकडे सहज म्हणून चहाला येत आणि जाताजाता आत्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत. ती त्यांना जास्त साखरेचा चहा पाजायची आणि पावसाच्या गप्पा मारायची.

त्या वर्षी मात्र घरात कुजबूज सुरू झाली होती. निवडताना आत्याच्या हातून तांदळातले खडे तसेच राहायला लागले होते. एकदा शेवंतीच्या हारात तिने तीन सुकी फुलं ओवली. भास्करदादा, माझा चुलतभाऊ, सगळा बाजार तोच बघायचा. तो वाईट नव्हता, सरळ माणूस. तो नानांना म्हणाला, "आत्याचं वय झालं. एवढा माल एका बाईच्या गाठींवर सोडायचा का? सरळ दादरला टाकू, जे येईल ते येईल." नाना बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग आत्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यंदा आक्काच ठरवंल. हुकलं, तर पुढच्या सालापासून भास्कर."

आत्या चुलीपाशी भगर ढवळत होती. ती म्हणाली, "बरं की." आणि भगरीत आणखी पाणी घातलं, जे घालायची काही गरज नव्हती.

पाचव्या माळेला सकाळी तिने मला हाक मारली. "दिग्या, चल माझ्यासंगं. कालिकेच्या यात्रंला जाऊन येऊ." मी नाखुशीनेच निघालो. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, कमरेला पिशवी, पायात नानांच्या जुन्या चपला, कारण तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि देवीला जाताना नवी चप्पल कोण घेतं, असं तिचं म्हणणं. देवळापाशी गर्दी होती, पाळणे होते, वणीच्या गडाकडे पायी निघालेली भगवे झेंडे घेतलेली पोरं होती. आत्याने दर्शन घेतलं, गोडी शेवेचा पुडा घेतला, आणि देवळातून बाहेर पडल्यावर एसटी स्टँडकडे वळायच्या ऐवजी मला विचारलं, "तो नवा मनोरा कुठं हाय रे? टेकडीवरचा?"

त्या वेळी शहरात एका टेकडीवर बाग करून तिच्यात उंच मनोरा बांधला होता. तिकीट काढून वर जायचं आणि चहूबाजूंनी नाशिक बघायचं. सुट्टीच्या दिवशी लोक डबे घेऊन जात. आमच्या घरातलं तोवर कुणी गेलं नव्हतं. आम्ही शहर रोज बघत होतो, त्याला तिकीट काढायचं कुणाच्या डोक्यात येणार?

"मनोऱ्यावर कशाला?" मी म्हणालो.

"तू चल तर."

जिना गोल होता. आत्या प्रत्येक पायरी पायाने चाचपून चढत होती. मला वाटलं, दमली असेल. अर्ध्यावर एक खिडकी होती, तिथे ती थांबली, भिंतीला टेकली आणि शेवेचा पुडा माझ्या हातात दिला.

"दिग्या, तुला एक सांगते. घरी बोलायचं नाय. शप्पथ घे."

"कुणाची?"

"कुणाची नको. नुसतं बोलू नको." तिने आवाज खाली आणला. "माझ्या डोळ्यांत जाळं आलंय. जवळचं अंधुक दिसतं, लांबचं नायच. एसटीतनं मला सगळं एकच रंगाचं दिसतं. म्हणून म्हनलं, वर उभं राहू. गाडी पळते, मनोरा काय पळत नाय. तू बघ, मला सांग, मी गाठी मारते."

"मग नानांना सांग ना. डॉक्टरकडे जाऊ."

"सांगंन. दसरा झाल्यावर सांगंन. आत्ता सांगितलं तर भास्कर म्हणंल, बघा, आंधळ्या बाईच्या नादी लागलो." आणि ती हसली. "तुझे डोळे आन् माझं डोकं. दोन मिळून एक कौसा हुईल."

आज लिहिताना जाणवतं की आयुष्यात त्याआधी किंवा त्यानंतर कुणी माझ्यावर एवढा भरवसा टाकला नाही. तेव्हा मला फक्त शेवेच्या पुड्याचं तेल हाताला लागल्याचं जाणवत होतं.

वर पोचलो. मधे जिन्याचं तोंड, भोवती रुंद ओटा आणि छातीएवढा कठडा. हवा स्वच्छ होती. पाऊस नुकता उघडला होता, आणि त्या दिवसांत नाशकाचं ऊन धुऊन वाळत घातल्यासारखं दिसतं. उत्तरेच्या कोपऱ्यात एका स्टँडवर दुर्बीण होती आणि तिच्याशेजारी स्टुलावर टोपी घातलेला एक म्हातारा.

"या मावशी, या! दोन रुपयांत रामशेज, पंचवटी, सगळं जवळ आणून देतो."

"गडावरची देवी दिसती का रे बाबा?" आत्याने विचारलं.

"डोंगर दिसतो. देवीचं तिला विचारावं लागंल."

"मग डोंगर ऱ्हाऊ दे. मळे दिसत्यात का?"

"मळे?" म्हातारा बुचकळ्यात पडला. "मळे बघायला कोण येतं इथं? दिसतील की, फुकट दिसतील. मळ्यांना दुर्बीण कशाला?" मग मला म्हणाला, "पोरा, पूर्वेच्या बाजूला जपून. तिथं फरशी खचली म्हणून लोखंडी पत्रा टाकलाय. पाय पडला की ढोल वाजतो."

आत्या पश्चिमेकडे सावलीत, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या पायरीवर बसली. मांडीवर चार दोरे ठेवले. मी आधी पश्चिम बघितली. गंगापूरच्या बाजूला नदीच्या कडेने हिरवं, आणि त्यात पिवळे, भगवे चौकोन. खरं सांगतो, मला ते सुंदर वाटलं. आपण ज्यात रोज वाकतो, ते वरून एवढं सुबक दिसतं, हे मला माहीत नव्हतं. मी मन लावून मोजलं, आत्यापाशी जाऊन सांगितलं. तिने बोटांनी चाचपत अकरा गाठी मारल्या. मग उत्तरेला गेलो. मखमलाबाद, म्हसरूळ, दिंडोरीचा रस्ता. आमचा मळासुद्धा दिसला, विहिरीवरच्या जांभळीवरून ओळखला. मी ओरडून म्हणालो, "आत्या, आपली पडवी दिसतेय!" ती म्हणाली, "आपलं नको सांगू, लोकांचं सांग." नऊ गाठी. दक्षिणेला कारखाने आणि वसाहती, मळे विरळ. चार.

आणि मी पूर्वेकडे वळलो.

कोपऱ्यावर आलो तर पलीकडे माझ्या वर्गातली पाच-सहा पोरं आणि दोन मुली कठड्याला टेकून उभी. समीर होता, ज्याच्या स्कूटरवर मागे बसायला मिळालं की माझा दिवस चांगला जायचा. ती मंडळी गाण्याच्या भेंड्या खेळत होती, त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी जागच्या जागी थांबलो. मला काय दिसलं ते सांगतो. मला पूर्वेचे मळे दिसले नाहीत. मला माझ्या मागे असलेली आत्या दिसली, म्हणजे त्या पोरांना ती कशी दिसेल तशी दिसली. नानांच्या पुरुषी चपला. पिवळी बोटं. आणि पायरीवर बसून तोंडाने पुटपुटत दोऱ्याला गाठी मारणारी बाई, करणी करायला बसल्यासारखी. आता समीर वळेल आणि म्हणेल, अरे दिगंबर, इथे कुठे? आणि मी वाकून बघत झेंडूचे तुकडे मोजत असेन, आणि तेवढ्यात ती हाक मारेल, दिग्या.

मी मागे फिरलो. पत्र्यावर पाऊल पडायच्या आधी.

"दोन," मी आत्याला म्हणालो.

"दोनच?" तिने मान वर केली. तिचे डोळे माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागले होते. "आडगाव, नांदूर, तिकडं दोनच?"

"दोनच. बाकी सगळी द्राक्षं."

तिने दोरा बोटाभोवती गुंडाळला आणि पुन्हा सोडला. मग म्हणाली, "खरंय. त्या अंगाला द्राक्षंच जास्त." आणि चौथ्या दोऱ्याला दोन गाठी मारल्या. मी तिचा दंड धरला आणि जिन्याकडे वळवलं. ती म्हणाली, "अरे, शेव तरी खाऊ वर बसून," तर मी म्हणालो, "खाली बागेत खाऊ." खाली बागेतही थांबलो नाही. रिक्षात खाल्ली.

रात्री जेवणाआधी आत्याने दोरे नानांपुढे टाकले. "कमी हाय फूल. धरा." आवाज असा ठाम, की भास्करदादाने टेम्पोवाल्याला नको म्हणून निरोप धाडला. मी ताटातला भात गोळा करत होतो. मी अजून बोलू शकत होतो. तेव्हाच नाही, दुसऱ्या दिवशीही आणि तिसऱ्या दिवशीही बोलू शकत होतो. सायकल काढून आडगावपर्यंत जाऊन येणं तासाभराचं काम होतं. पण मी स्वतःला पटवून टाकलं होतं की पूर्वेला खरोखरच दोन असतील. माणूस न बघितलेल्या गोष्टीबद्दल किती खात्रीने बोलू शकतो, हे मला मोजणी खात्यात येण्यापूर्वीच कळलेलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमचा माल घेऊन आम्ही बाजारात पोचलो, तेव्हा आडगावच्या रस्त्याने येणारी रांग शहराच्या वेशीपासून लागलेली होती. टेम्पो, ट्रॅक्टर, बैलगाड्या, सगळे पिवळे. भास्करदादा एकेकाला विचारत होता. कुठले? नांदूर. कुठले? माडसांगवी. तुमच्याकडे तर द्राक्षांची बाग असायची ना? एकजण म्हणाला, "गेल्या साली बाग गेली दादा, यंदा सगळ्या गावानंच झेंडू लावला." दुपारपर्यंत ढीग माणसाएवढे झाले. संध्याकाळी भाव विचारायलासुद्धा कुणी येईना. शेवटी लोकांनी टोपल्या रस्त्याच्या कडेला रित्या केल्या. गाई येऊन हुंगायच्या आणि निघून जायच्या, त्यांचंही पोट भरलेलं. आमच्या ढिगापाशी आत्या मांडी घालून बसली होती. ती मधूनच एक फूल उचलायची, फाडायची, चोळायची. फुलांत खोट नव्हती.

दसऱ्याला घराला एवढी तोरणं लागली की दार दिसेना. आईने वातावरण हलकं करायला म्हणून म्हशीलाही दोन हार घातले, मोटारीलाही घातला. सोनं वाटून झाल्यावर सगळे पडवीत बसले होते, तेव्हा आत्याच बोलली. नानांना बोलायची वेळ तिने येऊच दिली नाही.

"नाना, माझा अंदाज हुकला. पुढच्या सालापासून भास्कर बघंल." आणि थोड्या वेळाने, "डोळ्याला जरा कमी दिसतंय. दाखवून घेते कुठं तरी."

माझं नाव तिने घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मी हातातलं आपट्याचं पान दुमडत, उलगडत बसलो, ते फाटेपर्यंत.

दिवाळीच्या तोडणीला बांधावर भास्करदादा उभा होता. त्याने सरीत जाऊन फूल खुडलं, फाडलं, आणि "उतरा" असं इतकं हळू म्हणाला की मागच्या बायकांनी विचारलं, काय म्हणाला? दुसऱ्याच्या चपला घालून चालावं तसं त्याला झालं असणार. आत्या पडवीत होती, मळ्याकडे पाठ करून ओवत होती. त्यानंतर तिच्या अंदाजाबद्दल घरात कुणी विचारलं नाही. तिला वाईट वागवलं असं कुणी म्हणू शकणार नाही. तिला चहा मिळायचा, मान मिळायचा, फक्त तिच्या बोलण्यावर काही अवलंबून राहिलं नव्हतं. नवरात्रात येणारे फुलवाले आता भास्करदादाचा चेहरा वाचायचे.

मी शिकलो, नोकरीला लागलो, बाहेरगावी गेलो. भास्करदादाने मधल्या काळात आत्याच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून आणली. एका नवरात्रात मी रजेवर घरी आलो होतो, तर जाड भिंगांचा चष्मा लावलेली आत्या मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "जाड झालास." मग म्हणाली, "मला त्या मनोऱ्यावर ने. एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

मनोरा आता जुना दिसत होता. दुर्बीण गेली होती, नुसता स्टँड उरला होता. आत्या या खेपेला जिना झरझर चढली, मीच धापा टाकत होतो. वर पोचल्यावर ती कुठे जाईल हे मला ठाऊक असायला हवं होतं. ती सरळ पूर्वेकडे गेली. तिच्या पायाखाली पत्रा धाडकन वाजला.

ती बराच वेळ बघत उभी राहिली. मी कोपऱ्यावर होतो, तिथेच, जिथून तेव्हा मागे फिरलो होतो. समोर इमारती बऱ्याच झाल्या होत्या, तरी त्यांच्या मधून आणि पलीकडे आडगावपर्यंत मळे दिसत होते. पिवळे मोजायला डोळे बारीक करायचीही गरज नव्हती.

"आत्या," मी म्हणालो, "तेव्हा मी या बाजूला आलोच नव्हतो."

"ठाव हाय."

तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"हा पत्रा वाजलाच नाय तुझा. डोळे गेलेल्या माणसाला कान असत्यात की. मला वाटलं, लेकरानं कोपऱ्यावरनं बघितलं असंल. मग बाजारात ती रांग लागली, तवा कळलं."

"मग तू घरी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? आंधळी पोराला घेऊन मोजायला गेली व्हती, हे सांगू? माझंबी झाकलेलंच व्हतं. आपण दोघं चोर, दिग्या. पण तू का आला नाहीस या बाजूला, ते मला आजवर उमजलं नाय. भ्यालास का पत्र्याला?"

मी तिला खरं सांगितलं. पोरं होती, मला तुझी लाज वाटली. तिने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. ती म्हणाली, "एवढंच व्हय." आणि मग, खाली पत्र्याकडे बघत, "मला सांगून काय व्हणार? मला तर ठाव व्हतं. माझा शब्द ज्यांच्यापुढं गेला, त्यांच्यापुढं सांग."

दसऱ्याची तोडणी तीन दिवसांवर होती. मी रजा वाढवली. त्या सकाळी बांधावर सगळे होते. नाना काठीला टेकून, भास्करदादा, आई, टोपल्या घेतलेल्या दहा-बारा बायका. आत्या पडवीत नेहमीच्या जागी, पाठमोरी. भास्करदादा सरीत पाय टाकणार तेवढ्यात मी म्हणालो, दादा, जरा थांब. माझा आवाज ऑफिसात लागतो तसा लागला, त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. मी सगळं सांगितलं. आत्याचे डोळे, मनोरा, दोरे, पहिल्या तीन बाजू आणि चौथी. बायका टोपल्या खाली ठेवून ऐकत होत्या. पडवीत पाठमोऱ्या आत्याचा ओवताना हलणारा कोपर थांबलेला मला बांधावरून दिसत होता.

भास्करदादाने टोपी काढून पुन्हा घातली. नानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. ते आयुष्यभर मळेवाले, त्यांना आधी तोच प्रश्न सुचला.

"मग पूर्वेला किती व्हते त्या साली?"

"माहीत नाही नाना. मी बघितलंच नाही," मी म्हणालो. आणि मग पडवीकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आत्याचा अंदाज हुकला नव्हता. तिला मी खोटं सांगितलं. आत्या, माझं चुकलं."